मुद्दाम चुकवलेलं गणित

सर, तुमच्या त्या दोनशेपानी वहीचा मला अजून राग येतो. राग कसला, जळते मी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी जळते.

भूकंपानंतर लातुरात स्लॅबखाली बसायला कुणी धजत नव्हतं, म्हणून तुम्ही भावाच्या सायकल दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये शिकवणी घ्यायचात. मी चाकूरहून एसटीनं यायचे. खोडरबर आणायला बंदी. चुकलेल्या पायरीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाकीचे सर उत्तर बघायचे, तुम्ही रेघ मारलेलं वाचत बसायचात आणि त्या वहीत ज्याच्या त्याच्या पानावर लिहायचात, कुठे अडला, कशाला घाबरला. एकदा तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा मी ती चाळली. औशाकडच्या खेड्यातून आलेल्या त्या मुलीची सहा पानं भरली होती. तिचं घर पडलं होतं, आई गेली होती, ती नेहमी दाराशीच बसायची. माझ्या पानावर दोनच शब्द: 'बरोबर. पुढे.' लिहायला लाज वाटते, पण आई गेलेल्या मुलीचा मला हेवा वाटला. दुसऱ्या दिवशी मी एक सोपं गणित मुद्दाम चुकवलं, त्यावर नीट रेघ मारली आणि तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही रेघेखालचं वाचलंत. "हे तू चुकणारी न्हाईस, बेटा. काय झालंय?" "काही न्हाई, सर," मी म्हणाले. तुम्ही गणित परत दिलंत.

आता मी शिकवणीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करते. लातूर-नांदेडात गल्लोगल्ली क्लास झालेत, प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं, आणि मूल एका क्लासमधून दुसऱ्यात गेलं की त्याचं मागचं सगळं जातं. म्हणून काही जणांनी मिळून ठरवलंय की मुलाच्या अभ्यासाची कोणती नोंद ठेवायची आणि कशी, याचं सगळ्यांसाठी एकच मानक करायचं. मसुदा माझ्याकडे आहे. व्हिडिओ किती वेळ पाहिला, प्रश्न किती सोडवले, गुण किती, एवढंच मी त्यात लिहिलं होतं. मागच्या आठवड्यात नांदेडच्या बैठकीत दाराशी बसणारी ती उभी राहिली. हो, तीच. तिचा तिथे मोठा क्लास आहे. म्हणाली, "लेकरू कुठं अडलं तेबी नोंदवा. चुकलेला प्रत्येक प्रयत्न ठेवा, पुढच्या सरांना दिसू द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. पद्धत तुमची आणि वाहवा तिची! मला तर ती पाठ होती, मग माझ्या मसुद्यात ती का नव्हती? मी ताडकन म्हणाले, "हे जमायचं नाही. लक्ष वेधून घ्यायला मुलं मुद्दाम चुकतील." "असं कोण करतंय गं?" ती हसून म्हणाली. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

बाहेर आल्यावर तिनं पिशवीतून तुमची वही काढली. तुमच्या घरच्यांनी ती तिला दिली होती. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, सर! "तुझं पान बघ," ती म्हणाली. 'बरोबर. पुढे.'च्या खाली तुमच्या तिरक्या अक्षरात होतं: 'आज मुद्दाम चुकली. विचारलं, सांगत नाही. हिच्याकडे माझं लक्ष कमी पडलं.' "मला कवाचंच म्हाईत हाय," ती म्हणाली, "म्हणून तर आत पुढं बोलले न्हाई." तिच्यावर धड जळताही येईना.

आज मसुद्यात मी 'कुठे अडलं' असा रकाना घातला. शेजारी आणखी एक, तो मशीननं भरायचा नाही, शिकवणाऱ्यानं स्वतः भरायचा: 'विचारलं का?' सुचवणारीचं नाव म्हणून तिचं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. वही मी चार दिवसांसाठी मागून आणलीय. हे पत्र वहीतच ठेवून द्यावं असं वाटलं होतं, पण नको, ती वाचेल.

काय झालंय, असं विचारलं होतंत. काही झालं नव्हतं, सर. मलाही सहा पानं पाहिजे होती.