दहावी ‘ब’चा चौथा तास

सोम. २० नोव्हें. ७८
दिवाळीची सुट्टी संपली आणि हातात नवं टाइमटेबल. दहावी ‘ब’चे मराठीचे पाचातले तीन तास इंग्रजीला. हेडमास्तर म्हणतात, “मराठी काय, पोरं घरात बोलत्यातच की, बाई. त्यात शिकवायचं काय?” एकवीस वर्षं मी काय गोट्या खेळले व्हय? तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

बुध. २२
पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. फळ्यावर विषय दिला: आमचे मराठीचे तास परत मिळावेत म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज. घरून लिहून आणा. पहिल्या बाकावरची शालन: “खराच द्यायचा काय, बाई?”
“खराच.”
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, “नसती आफत.” मी चहा ओतला.

शुक्र. २४
डोकं फिरलं! बेचाळीस अर्ज, त्यातल्या एकतीस जणांना बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस रजा हवीय! गाइडातनं जसाच्या तसा उतरवलेला. एका शहाण्यानं खाली सहीसुद्धा ‘अ. ब. क.’ अशीच केलीय. रडावं का हसावं. सगळे परत दिले. गाइड दप्तरात, इथंच बसून लिहायचं, आपल्या मनातलं.

सोम. २७
शालनचा अर्ज तीन ओळींचा. ‘मला नर्स व्हायचं हाय. तितं अर्ज ल्ह्याया लागतोय. आमाला शिकवा.’ लाल पेन उचललंच नाही.
मधल्या सुट्टीत गठ्ठा क्लार्क मुल्लाणींच्या टेबलावर. “आवक वहीत नोंद करा.”
“सगळ्यांची? बाई, नोंद झाली की सायबांना एकेकाला लेखी उत्तर द्यावं लागतंय.”
“म्हणूनच.”
गडी गालात हसला आणि शिक्के मारायला लागला.

गुरु. ३०
हे. मा. लालबुंद. “किती अशुद्ध लिहिलंय! लाज वाटत नाही तुम्हाला?”
“वाटते की. म्हणून तर तास मागतेय.”
दुपारी मेमो. विद्यार्थ्यांना चिथावणी दिली, तीन दिवसांत खुलासा करा. सर्व्हिस बुकात जाणार हे. पण माघार नाही.
ह्यांनी मेमो दोनदा वाचला. “खुलासा दे. माफी मागू नकोस.” फार बरं वाटलं.

शनि. २ डिसें.
खुलासा दिला, एकाच ओळीचा: अभ्यासक्रमातील पत्रलेखन शिकवले, पुढेही शिकवीन. तिथनं सरळ काढून घेतलेल्या चौथ्या तासाला दहावी ‘ब’त. इंग्रजीचे पाटील सर खडू घेऊन दारात. “बाई, हा माझा तास.”
“कालपर्यंत होता, सर.”
खडू खिशात टाकला. मग मागच्या बाकावर जाऊन बसले.
पोरं लिहितायत, मी टेबलापाशी हे लिहितेय. शिपाई दोनदा येऊन गेला, सायबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय म्हणून. म्हटलं, “सांग, बाई तासावर आहेत.”
आता जिन्यावर बूट वाजतायत. येऊ देत