कार्डावर ‘चांगली’ लिहू नकोस

प्रिय खारे,

तुझी बाटली सुखरूप पोचली. एवढ्या कागदांत गुंडाळली होतीस की मला वाटलं आत तान्हं मूल निघतंय. आधी एक लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. माझी सवय तुला माहीत आहे, कोथळीभर मीठ आणायला जायचं आणि शेजारणीचा सगळा संसार ऐकून रिकाम्या हाताने परत यायचं. तर मी रागावलेली नाही. दोन रविवार फोनवर आले नाही, म्हणून तू बापाला विचारलंस म्हणे, मी दारूच्या गोदामात नोकरी धरली म्हणून आजीने तोंड फिरवलं का. नाही ग बाई. जिभेला फोड आलाय, बोलताना दुखतं. आणि लिहायचं म्हणशील तर चौथीत शाळा सुटली ती सुटली, हे पत्र लिहायला घेतल्याचा आज तिसरा दिवस. मध्ये मध्ये शाई बदललेली दिसेल.

बाटलीवरचं नाव मी पहिल्यांदा ‘बरबाद’ असं वाचलं. म्हटलं, चला, नावातच खरं सांगून टाकलं, नंतर तक्रार नको. समोरचे टेलरमास्तर आले होते, ते चष्मा पुसून म्हणाले, वहिनी, बरबाद नाही, बर्बन. मग त्यांनीच बाटलीसोबतचं तुझं कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. मक्याची दारू, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात सात वर्षं मुरवलेली. एरवी शंभर पिंपांचं एकत्र करतात, म्हणजे चव सगळीकडे सारखी. ही मात्र एकाच पिंपाची, म्हणून चिठ्ठीवर पिंपाचा नंबर हाताने घातलेला. मास्तरांना ते काही पटेना. म्हणाले, एकाच पिंपाची म्हणजे राजेरजवाड्यांची असणार. मी म्हटलं, पुढे तर वाचा. पुढे तू लिहिलेलं, महाग नाही, आपल्यासारख्यांना परवडेल अशी आहे, मी निवडलेलं पहिलं पिंप. हे मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा उगाचच.

मला ते एका पिंपाचं लगेच कळलं. हॉटेलच्या धुलाईत तीस वर्षं इस्त्री केली मी. रोज दोनशे चादरी, सगळ्या एकसारख्या, कुठे डाग राहिला तर ती घडीत आत घालायची, वरची स्वच्छ दिसली की झालं. पण कुणी आपला एकच सदरा घेऊन आलं की मी इस्त्री आधी फडक्यावर फिरवून बघायची. तिथे चूक झाकायला दुसरी चादर नसते. तुझ्या पिंपाचं तसंच आहे. जे असेल ते बाटलीत येणार.

आता तुझ्या आजोबांचं. तू त्यांना पाहिलं नाहीस, त्यात तुझं काही नुकसान झालं नाही. त्यांच्या दारूला चव नव्हती, नुसता वास होता, आणि तो जिन्यावरून त्यांच्या आधी वर यायचा. मी दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून ठेवायची. वासाला टॉवेल अडवतो, माणसाला नाही. माझ्या उजव्या कोपरावरचा डाग तू लहानपणी बोटाने चाचपायचीस ना, गरम इस्त्रीचा. इस्त्री माझ्या हातात नव्हती तेव्हा. एवढं पुरे. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, सुटले बिचारे. सुटलं कोण ते लोकांना विचारायचं राहिलं. तुझ्या बापाचं तर अजून असं आहे की बूच उघडल्याचा आवाज झाला की तो काहीतरी आठवल्यासारखं करून खोलीबाहेर जातो. परवाही गेला. बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं, सकाळीच घातलं होतं तरी.

म्हणून मी चाळीस वर्षं थेंबाला शिवले नाही, आणि परवा दुपारी चार वाजता स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून शिवले. मास्तरांना साक्षीला बसवलं. तू लिहिलंस तसं केलं, ग्लासात अंगठाभर, वास घेताना तोंड किंचित उघडं. मला वाटलं होतं, जिन्यावरचा तोच वास येणार. आणि खारे, तो नव्हताच. खळ घातलेल्या सुती कापडावरून गरम इस्त्री फिरवताना, कापड करपायच्या अगदी आधी एक वास येतो, त्या वासाने मी तीस वर्षं नोकरी टिकवली, नाकाने कळायचं आता उचल. तो वास आला. त्याच्या मागून नव्या कपाटाचा खण पहिल्यांदा ओढल्यावर येतो तसा. मी इतकी हसले की मास्तर म्हणाले, वहिनी, अजून तर प्यायला नाहीत.

पहिला घोट वाया गेला. काढ्यासारखा गटकन गिळला आणि डोळ्यांतून धारा. मास्तर म्हणाले, अहो, ही एकेक टाका घालायची हातशिलाई आहे, मशिनवर नाही घालायची. दुसऱ्या दिवशी दोन थेंब पाणी घातलं, घोट लहान घेतला आणि उजवीकडे धरून ठेवला, कारण डावीकडे नुसता विस्तव होतो. उजवीकडे आधी गोड आलं, साधं गोड नाही, भांड्याच्या तळाला लागलेल्या साखरेचं, जरा कडू झालेलं. मग लवंग दाताखाली आल्यासारखी. मग तुरट, कच्च्या फळाची साल चावल्यासारखं, त्याने गालफडं आत ओढली गेली. आणि गिळल्यावर संपेचना. इस्त्री बंद केल्यावरही तळव्याला कितीतरी वेळ ऊब लागते, तशी घशाखाली राहिली. उग्र आहे, पण मेली खोटारडी नाही.

हे सगळं तुझ्या कामाला लिहिते आहे. तूच मागे सांगितलंस की प्रत्येक पिंपाच्या कार्डावर चव लिहायची असते, तू सगळ्यांवर ‘चांगली’ लिहितेस, आणि तुझ्या कामावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत शब्द सापडले नाहीत तर दुसरी मुलगी बघू. खारे, चांगली हा शब्द शेजारणीच्या सुनेसाठी असतो, जिच्याशी आपण कधी बोललेलो नाही. जिच्याशी बोललोय तिला आपण खाष्ट म्हणतो, लाघवी म्हणतो, मुलखाची आळशी म्हणतो. तसं बोल पिंपाशी. खरपूस लिही, तुरट लिही, चटका देऊन मग मऊ होणारी लिही. माझे शब्द घे, नाव नको सांगूस. तुझं पिंप उत्तम निवडलंयस. तुला माझं नाक मिळालं, माझा डाग नाही लागला, याचा मला किती आनंद आहे ते फोनवर सांगता आलं नसतं.

आणि फोनचंच आता. तुझ्या बापाने तुला दाताचं काहीतरी म्हणून सांगितलंय, मीही वर फोड लिहिलं. फोड नाही तो. येत्या गुरुवारी माझी अर्ध्याहून जास्त जीभ काढणार आहेत. डॉक्टर तरुण आहे, मला सांगताना माझ्याकडे न बघता टेबलावरचा कागद सरळ करत होता. नंतर चव फारशी राहणार नाही, बोलणंही घरच्यांनाच कळेल, कदाचित त्यांनाही नाही. न काढली तर निकाल लवकर. म्हणून मास्तरांना साक्षीला बसवून आधी तुझी बाटली चाखली, डॉक्टरला विचारलं नाही. नाकाला धक्का लागणार नाही म्हणाला, तेव्हा पुढचं पिंप पाठव, मी वास घेऊन लिहून कळवेन. पण गुरुवारआधी फोन करू नकोस. केलास तर मी घेणार नाही. पंधरा दिवसांपासून माझा र गेला आहे. रोज सकाळी आरशासमोर बसून तुला हाक मारून बघते, खाये होतं, खाले होतं, खारे होत नाही. तुझ्या कानात माझी जी हाक आहे, ती तशीच राहू दे. कागदावर अजून नीट येते, म्हणून एवढ्या वेळा लिहिली.

तुझीच, अजून तोंडात गोड घोळवत बसलेली,
आजी