वानवळ्याची सुरमई

साहेब, माझी नात जज्ज झाली. हे सगळ्यात आधी लिहिते, नाहीतर माझं नेहमीचंच, सांगायचं असतं एक आणि सांगत बसते भलतंच. निकाल लागला तेव्हा मी अंगणात आंबोशी वाळत घालत होते. ती मागून आली आणि तिने मला उचललंच, माझे पाय जमिनीवरून सुटले. "आजी, झाले गो मी!" "अगो, झालीस काय ते सांग, आणि आधी खाली ठेव, कंबर जाईल माझी." सबंध वाडीला पेढे वाटले. कडक होते मेले, माझ्या दातांना कुठले झेपतात, पण दोन खाल्लेच. आता तिचं ट्रेनिंगही संपलं. सोमवारी दुसऱ्या जिल्ह्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसायची. आनंदाने मला जेवण जात नव्हतं. परवापासूनही जात नाही, पण ते आनंदाने नाही.

परवाचं सांगते. पण त्याआधी सुरमईचं सांगायला हवं, आणि ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

तुमच्या बंगल्यावर मी स्वयंपाकाला लागले तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. बाईसाहेब मुलांच्या शाळेसाठी पुण्याला, तुम्ही रत्नागिरीत जज्ज, बंगल्यात एकटे. जेवण झालं की ओट्याशी स्टूल ओढून बसायचात आणि मला अक्षरं काढायला लावायचात. तीही कॅलेंडरच्या फाटक्या पानांच्या मागच्या बाजूला. कोर्टातला पाठकोरा कागदसुद्धा तुम्ही घरी आणत नव्हतात. माझा 'ण' कायम पडायचा. अजून पडतो, बघा.

एकदा कुणीतरी मागच्या दारी हापूसची पेटी ठेवून गेलं. मी आपली खुशीत आत घेतली. तुम्ही जेवता जेवता उठलात. ओरडला नाहीत, पण तोंड असं झालं की मला ओरडणं परवडलं असतं. "ज्याची त्याला देऊन ये." भर उन्हात पेटी डोक्यावर घेऊन मी गेले. परत आले तर तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभे. म्हणालात, "दार पुढचं असो की मागचं, आत आलं ते माझ्या ताटात आलं." मी मान हलवली. समजलं असं मला वाटलं.

आणि तुमचे ते रविवार. सुट्टीचा माणूस झोपेल, समुद्रावर जाईल. तुम्ही कुठल्या कुठल्या गावच्या देवळाच्या ओसरीवर सतरंजी टाकून बायकांना विचारत बसायचात, "घर कुणाच्या नावावर आहे गो?" नवरा मुंबईला, घर सासऱ्याच्या नावावर, आणि ही बारा महिने शेण काढते. कुठे अर्ज द्यायचा, काय लिहायचं, सगळं सांगायचात. माझ्या घरपट्टीवर माझं नाव लागलं ते तुमच्यामुळे. पहिली पावती मी देवापुढे ठेवली होती.

अशा माणसाला मी काय खाऊ घातलं ते आता ऐका.

बंदरावर दोन भाऊ एका होडीवरून तुमच्या कोर्टात भांडत होते. धाकट्याची बायको माझ्या ओळखीची, बाजारात तिच्याकडेच मी मासे घ्यायचे. पावसानंतर होडी पहिल्यांदा समुद्रात गेली आणि दुसऱ्या दिवशी ही मागच्या दारात, टोपलीत हातभर सुरमई. मी म्हटलं, "नको गो बाय, साहेब मला घालवतील." तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "पहिल्या जाळ्याचा वानवळा हाय. परत धाडलास तर आमची होडी बुडायची." साहेब, पेटी ती पेटी. पण वानवळा? आमच्याकडे वानवळा कोण परत करतं? शेजारणीने पहिली काकडी दिली तर आपण काय तिला हाकलतो? मी घेतली, तळली. तुम्ही तिसरी तुकडी मागून घेतलीत आणि म्हणालात, "आज बाजार चांगला दिसतो."

पुढे निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. कागद तसेच होते म्हणे, दुसरा निकाल होणारच नव्हता. पण थोरला बंदरभर सांगत सुटला की आमच्या होडीची सुरमई साहेबांच्या घरात शिजली. वर तक्रार गेली. चौकशीला एक साहेब आले, त्यांनी मला विचारलं, "मासा कुठून आणलास?" मी म्हटलं, "बाजारातून." ते तुमच्याकडे वळले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "ही बाई खोटं बोलत नाही." मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला.

चौकशी मिटली. बोलणं मिटलं नाही. पुढच्या रविवारी ओसरीवर चार बायका आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी एक. मग तुम्ही सतरंजी गुंडाळून माळ्यावर ठेवलीत. "लोकांना काय झालंय कळत नाही," असं मलाच म्हणालात. मी भाकरी थापत होते. तशीच थापत राहिले. तुमची बदली झाली, आणि दोन वर्षांत तुम्ही देवाघरी गेल्याचं कळलं.

तर परवा. खालच्या वाडीतले बागायतदार आले, ताटभर ओले काजूगर घेऊन. "नाय म्हणू नका आजी, वानवळा हाय." माझा हात पुढे झाला, साहेब. एवढं सगळं होऊन झाला. चहा प्यायले आणि उठता उठता म्हणतात, "नातीला कोर्ट कुठलं दिलं? अरे वा, थयच आमच्या जावयाची केस हाय की! काय नाय, आपलं कानावर घातलं. हसा बघू आजी," आणि ताटासकट माझा फोटो काढला. मी हसलेसुद्धा.

तरी मी ते काजूगर शिजवले. टाकून देववेनात. नात दोनदा उसळ घेऊन जेवली. संध्याकाळी शेजारीण मोबाईल घेऊन आली, "आजी, तुमचा फोटो बघा किती छान आलाय." वाडीच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलेलं मी एकेक अक्षर लावून वाचलं. 'जज्जसाहेबांच्या घरी आपला वानवळा.' तुम्हीच शिकवलेली अक्षरं.

तिला सांगायलाच हवं. तिने आधीच काय ते वरिष्ठांना कळवलं तर निभावेल, इतकं तुमच्या घरात राहून मला कळतं. पण सांगायचं तर ती विचारणार, "आजी, तुला एवढी कशाची भीती वाटतेय?" मग सुरमई आली, चौकशी आली. लहानपणापासून तुमच्या गोष्टी सांगून मी तिला जज्ज केली. ही एक सोडून सगळ्या सांगितल्या.

आत्ता बॅग भरता भरता ती इथे येऊन टेकलीय. "काय गो लिहितेस एवढं?" मी म्हटलं, "वाण्याची यादी." हसली. "मग माझी बडीशेप घाल त्यात, प्रवासाला लागते," म्हणाली आणि माझ्या हाताकडे बघत बसली.

बडीशेप पाव किलो.

ती बघत होती साहेब, म्हणून लिहावं लागलं.