गोलपोस्टची उंची

२ मार्च
क्लबच्या इतिहासावरचे सगळे चित्रपट, माहितीपट आणि सुटी रिळं शोधून काढायचं काम आजपासून हाती घेतलं. कारण सरळ आहे. क्लबने कप जिंकल्याला मे महिन्यात पन्नास वर्षं होतात, हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि पडद्यावर दाखवायला काहीतरी हवं. मी सेक्रेटरीकाकांना दीड तासाचा माहितीपट कबूल केला. काका म्हणाले, अगं दहा मिनिटं पुरे, लोक जेवायच्या घाईत असतात. महत्त्वाकांक्षा नावाची गोष्टच नाही.
त्या वर्षी बाबा क्लबचे गोलकीपर होते. त्याचा या कामाशी संबंध नाही, पण नोंद असावी.
बाबा नोव्हेंबरमध्ये गेले. त्याचाही संबंध नाही.

५ मार्च
आईला सांगितलं, बाबांनी अडवलेला एखादा जबरदस्त गोल शोधते, तुला पहिल्या रांगेत बसवून दाखवते. आई भाजी निवडत होती. म्हणाली, नुसते चालताना दिसले तरी पुरे.
खरंच आमच्याकडे बाबांचा चालतानाचा एकही व्हिडिओ नाही. दादाच्या लग्नातल्यात ते बसलेले आहेत. माझ्या फोनमधले सगळे पलंगावरचे. तरीही मी आईला म्हटलं, अपेक्षा इतक्या खाली ठेवू नये.
बाबांचा मोबाइल नंबर या महिन्यात बंद करायचा.

९ मार्च
क्लबच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. डबे गंजलेले, आत रिळं. रिळवाल्याकडे नेली. जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून देणारा हा गावातला एकटाच माणूस. त्याने डबा उघडून हुंगला आणि म्हणाला, ताई, आंबलीयत. जुनी फिल्म आंबते, व्हिनेगरसारखा वास येतो. अजून एखादं वर्ष थांबला असतात तर लोणचं घालावं लागलं असतं, म्हणाला. मी हसले नाही. तो मात्र बराच वेळ हसत होता.

१८ मार्च
फाइली मिळाल्या. कप जिंकला त्या अख्ख्या मोसमाचं चित्रण आहे, पण एकूण एक तुकड्यात फक्त आपले गोल. आपला माणूस किक मारतो, जाळं हलतं, मिठ्या मारतात, कट. पुन्हा किक, जाळं, मिठ्या, कट.
रिळवाला म्हणाला, फिल्म महाग असायची, त्यामुळे सगळे क्लब आपापले गोल ठेवायचे आणि बाकी कापून टाकायचे. म्हणजे आपला गोलकीपर नेहमी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्याच्या बाहेर.
निष्कर्ष: बाबा न दिसणं हा ते उत्तम खेळत असल्याचाच पुरावा आहे.
माहितीपट चाळीस मिनिटांचा करावा. दीड तास जरा पसरट होतो.

२४ मार्च
पंचविसाव्या वर्षी टीव्हीसाठी केलेला माहितीपट सेक्रेटरीकाकांच्या माळ्यावर सापडला. काकूंनी अर्ध्या कॅसेटवर मालिका टेप केली आहे. कप्तान बोलता बोलता एकदम कुणीतरी सून घर सोडून जाते.
उरलेल्या भागात कप्तान म्हणतो, आमचा गोलकीपर म्हणजे ताडमाड, उडी न मारता वरच्या दांड्याला हात लावायचा. बाबांची उंची १.६८ मीटर. खेळाडूंना अतिशयोक्तीची सवय असते. पुढे तो त्याला ‘उंच्या’ म्हणतो. हे चेष्टेतलं टोपणनाव असणार. बुटक्याला उंच्या म्हणतात तसं.
काकांना फोन करून विचारलं, बाबा कसे खेळायचे? काका म्हणाले, तुझे बाबा मैदानावर सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. मी म्हटलं, ते ठीक, पण खेळायचे कसे? काका म्हणाले, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही. काका दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

३० मार्च
नंबर बंद करायला दुकानात गेले होते. रिचार्ज करून आले. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

१ एप्रिल
संघाचा फोटो मोठा करून घेतला. गोलकीपरच्या जर्सीत दोघं आहेत. एक मधोमध, बराच उंच. दुसरे बाबा, मागच्या रांगेत कडेला. संघात राखीव गोलकीपर ठेवतात, तो हा उंच माणूस असणार. रचनेसाठी उंच माणसांना मध्ये उभं करतात. फोटोग्राफीत हे शिकवतात.

७ एप्रिल
दादाचा फोन. त्याला कामाची प्रगती सांगितली. तो म्हणाला, सोड ना चिमणे, बाबा सांगायचे ते पुरे नाही का? त्याचा रोख पेनल्टीच्या गोष्टीकडे होता. रविवारी दुपारी बाबा सोफ्यासमोर गुडघ्यांत वाकून उभे राहायचे, आम्ही मोज्यांचा चेंडू मारायचा, आणि ते फायनलची पेनल्टी अडवायचे. सोफ्याचा एक पाय त्यातच गेला.
दादाने विचारलं, ते कधी डावीकडे झेपावायचे, कधी उजवीकडे, तुला कधी काही वाटलं नाही?
मी म्हटलं, प्रत्येक मापनात थोडी तफावत असते.
मग म्हणाला, जेवतेस ना नीट? जेवते.

१५ एप्रिल
मार्ग सापडला. इतके दिवस सुचला कसा नाही! प्रत्येक क्लबने आपापले गोल ठेवले असतील, तर आपण खाल्लेले गोल प्रतिस्पर्ध्यांकडे असणार. म्हणजेच बाबा प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत.
नदीपलीकडच्या क्लबला फोन केला. त्यांच्या ऑफिसातल्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, आपण खाल्लेला गोल मागून घेणारी तूच पहिली, बाळा. मी कारण सांगितलं: संशोधन. त्या म्हणाल्या, हो हो, पाठवते.

२२ एप्रिल
चित्रण आलं. उपांत्य सामना, त्यांचा एकमेव गोल. आपला गोलकीपर स्पष्ट दिसतो. पाठमोरा आहे, टोपी आहे, पण जर्सी तीच. बाबा.
पडताळणी केली. गोलपोस्टची उंची जगभर ठरलेली असते, २.४४ मीटर. त्या प्रमाणात गोलकीपरची उंची काढली. १.८८ आली.
बाबा १.६८.
फिल्म उतरवताना चित्राचं गुणोत्तर बिघडलं असणार, सगळं उभं ताणलं गेलं असेल. रिळवाल्याला फोन केला. ही फिल्म त्याने उतरवलीच नव्हती, तरी तो म्हणाला, माझा दोष नाही. सगळे असंच म्हणतात.

२३ एप्रिल
वजनमाप खात्याचं आमचं ऑफिस. एका वाण्याचा काटा तपासणीला आला होता, किलोमागे पंचवीस ग्रॅम चुकत होता. वाणी म्हणाला, मॅडम, काटा राहू दे, त्याला जुळतील अशी वजनंच घासून द्या ना. साहेब आतून ओरडले, वजनं घासायची असती तर आपल्याला पगार कशाला देतात? मी काटा नापास केला. वाण्याला समजावून सांगितलं की चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त करायची असते. काही लोकांना इतकं साधंही कळत नाही.
संध्याकाळी चित्राची उंची कमी करून घेतली. बाबा १.६८ झाले.

२ मे
क्लिप तयार. दुरुस्तीनंतर चेंडू किंचित चपटा दिसतो. हवा कमी भरली असावी. गोलपोस्ट २.१८ मीटर भरतो. त्या मैदानाची जमीन असमान होती, असं ऐकून आहे. कुणाकडून ते आठवत नाही.
डावी कडा कापून टाकली. गोल झाल्यावर तिकडून कुणी पाणीवाला मध्येच येतो, लक्ष विचलित होतं.
माहितीपट आता नऊ सेकंदांचा आहे. लांबीपेक्षा आशय महत्त्वाचा. बाबा यात गोल खातात, हे खरं. पण किती रुबाबात खातात!
नंबरचा रिचार्ज संपत आला आहे. कार्यक्रमानंतर बंद करते.

१२ मे
आईला क्लिप दाखवली. तिने चष्मा पुसला, दोनदा पाहिली आणि विचारलं, चेंडू असा दबलेला का गं?
मी हवेचं सांगितलं.
आई म्हणाली, हा उंच्या आहे. त्याला असा बुटका का केलास? त्याच्या आईने पाहिलं असतं तर रडली असती.
मी गुणोत्तराचं सांगायला सुरुवात केली. आई म्हणाली, ते राहू दे, आधीचं दाखव. मूळ फाइल लावली. उंच माणूस, गोल चेंडू, बरोबर उंचीचा गोलपोस्ट. गोल होतो. डाव्या कडेने पाणीवाला येतो.
आई म्हणाली, थांब.
मी थांबवलं. ती म्हणाली, थांबवू नकोस गं, चालू दे, चालताहेत ना ते.
बाबा गोलपोस्टच्या मागून येतात. खांद्यावर टॉवेल, हातात बाटली. सावकाश. डावा पाय जरासा बाहेर टाकून, स्वयंपाकघरात यायचे तसे. उंच्याला बाटली देतात, काहीतरी बोलतात. नुकताच गोल खाल्लेला उंच्या हसतो. कट.
आई म्हणाली, राखीव होते. वर्षभर बाकावर. मी तेव्हा मागच्या गल्लीत राहायचे, सगळ्या मॅचना जायचे. मॅच कोण बघायचं! बाकाकडे बघत बसायचे.
मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, त्यांनी तुला एक सांगितलेलं, मी कशाला दुसरं सांगू? आणि सोफ्यासमोर तर अडवायचेच ना?
मग म्हणाली, परत लाव. लावलं. पुन्हा लावलं. कुकर लावायचा राहून गेला.

१७ मे
कार्यक्रम झाला. काकांनी मला स्टेजवर बोलावून संशोधक म्हटलं. मूळ क्लिप दाखवली, कडेसकट. हॉलमधल्या प्रोजेक्टरवाल्याने चित्र पडदाभर बसावं म्हणून आडवं ताणून टाकलं होतं. उंच्या जाडा, गोलपोस्ट लांबलचक, बाबा अंगाने दुप्पट. सेटिंग बदलायला एक बटण पुरलं असतं. प्रोजेक्टर माझ्या हाताच्या अंतरावर होता.
आई कानाशी म्हणाली, अंगाने किती भरलेले दिसताहेत बघ.
शेवटी शेवटी बाबा एकोणचाळीस किलो होते.
मी उठले नाही. चित्र चुकीच्या गुणोत्तरात पूर्ण झालं. मागून कुणीतरी विचारलं, संपलं एवढ्यात? मग सगळे जेवायला गेले.
घरी येऊन बाबांच्या नंबरचा रिचार्ज केला. या वेळी वर्षभराचा घेतला. स्वस्त पडतो.