पाच नंबरचे टाके

प्रिय रूपाली,

परवा तुझ्या आईंचा फोन आला होता. तू चौसाळ्याला घरातच बसून असतेस, कुणाशी बोलत नाहीस, म्हणाल्या. तुला जाऊन दीड महिना झाला, पण मी एकदाही फोन केला नाही. तोंडच नव्हतं.

पाच नंबरच्या खाटेवरची विजयमाला, शिरूर कासारची, ती वाचली. बीडला हलवल्यावर एकोणीस दिवस तिथं होती. पिकलेले टाके उघडून, आतला पू काढून पुन्हा घालावे लागले. तेवढ्यात तिचं दूध आटलं. लेकरू बाटलीवर आहे.

सिझरची अवजारं निर्जंतुक करायची ड्युटी तुझी, म्हणून ठपका तुझ्यावर आला. कंत्राटी नोकरी, आपल्या डॉक्टरसाहेबांनी एका कागदावर तुला घरी पाठवलं. तेव्हा मी शेजारीच उभी होते. पण विजयमालाच्या सिझरच्या दिवशी त्याच मशीनमधून निघालेल्या अवजारांनी आणखी दोघींची सिझर झाली होती. त्यांना साधा तापही आला नाही. हे मनातून जाईना, म्हणून गेल्या आठवड्यात मी पुवाच्या तपासणीचे रिपोर्ट काढून पाहिले. शेजारच्या चार नंबरवरच्या जानकीबाईच्या आधीच चिघळलेल्या जखमेच्या पुवात जो जंतू होता, तोच विजयमालाच्या. जी औषधं एकीला लागू पडली नाहीत, ती दुसरीलाही नाहीत.

रूपाली, सिझरनंतरच्या त्या सकाळी वॉर्डातली ड्रेसिंगं मी केली होती. अकरा पेशंट आणि मी एकटी. चांगल्या जखमा आधी, पुवाची शेवटी, हे तुला मीच शिकवलं. पण जानकीबाई फार कण्हत होती. तिचं आधी उरकलं आणि तेच ग्लोव्हज घालून पाच नंबरकडे वळले. विजयमालाची सासू मालनबाई म्हणाली, “सिस्टर, हातमोजे बदला की वं. त्याच हातानं कावून?” मी खेकसले, “मावशी, मला शिकवू नका.” अठरा वर्षं नोकरी झालीय ना माझी!

सोमवारी मालनबाई नातवाला डोस द्यायला घेऊन आली. मला वाटलं, आता ही चारचौघांत बोलणार. तिनं एवढंच विचारलं, “ती बारकी सिस्टर दिसंना? तिला काढलं म्हणत्यात. तिनं तर टाक्याला हात बी लावला न्हाई.” भरलेली सिरिंज मी परत ट्रेमध्ये ठेवली. लेकराला टोचायला मी ड्युटीवरच्या संगीता सिस्टरला बोलावलं.

काल मी साहेबांना लेखी जबाब दिला. “विचार करा, नोकरी जाईल,” ते म्हणाले. मी कागद परत घेतला नाही. त्याची प्रत सोबत ठेवलीय. पुन्हा चौकशी लागेल, तुला बोलावतील. त्या सकाळी तू नवे ग्लोव्हज घेऊन माझ्यामागे आली होतीस आणि मी तुला झिडकारलं होतं. तुझी नोकरी गेली तरी हे तू कुणाला सांगितलं नाहीस, मला ताई म्हणतेस म्हणून. जबाबात मी तेही लिहिलंय. विचारतील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. सरळ ‘हो’ म्हण.

तुझीच,
पंचशीलाताई