शनिवारची सभा : हजर असामी दोन

मुक्काम वाघेरपाडा, टिटवाळे स्टेशनाजवळ
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८०८

राजमान्य राजेश्री महिपतराव यांसी सहदेव मास्तरांचा नमस्कार, आणि त्यावर आणखी एक नमस्कार, कारण पहिला तुम्ही न वाचताच परत पाठवाल अशी धास्ती आहे. (इथवर आलात म्हणजे पाकीट फोडलेत. बरे वाटले.) आपली प्रकृती कशी आहे? खाडीच्या दमट वाऱ्याने तुमचा डावा खांदा धरत असेल. तिळाचे तेल कोमट करून चोळावे. सौ. विमलाबाई वहिनींस नमस्कार, चि. रतनला अनेक आशीर्वाद. इकडे मी खुशाल आहे. खोकला आहे, पण तो जुना ओळखीचा असल्यामुळे त्याची सोबतच होते.

तुम्ही ज्येष्ठात ठाण्यास बदली मागून गेलात, त्याला आता सहा महिने झाले. तुमची असिस्टंटची जागा भरली गेली नाही, पण कागदावर शिल्लक आहे. श्रावणात वरून सर्क्युलर आले की, ज्या शाळेत एकाहून अधिक मास्तर आहेत तेथे दर शनिवारी शाळा सुटल्यावर सर्वांनी एकत्र बसावे, पुढच्या आठवड्याचे पाठ विचारविनिमयाने ठरवावेत आणि सह्यांनिशी वृत्तांत ठेवावा. जेथे सभा होणार नाही तेथे दुसऱ्या मास्तराची गरज नाही असे समजून जागा कमी करण्यात येईल. मी उलट लिहिले की, दुसरा मास्तर आल्याशिवाय सभा कशी व्हावी? उत्तर आले, सर्क्युलर पुन्हा वाचावे. (वाचले. पाठ झाले आहे. म्हणून दाखवू का?) तेव्हा तुमची जागा जाऊ द्यायची नसेल तर सभा भरवणे प्राप्त होते, आणि ती जागा मला जाऊ द्यायची नव्हती. का, ते पुढे येईल.

पहिल्या शनिवारी मी माझ्या खुर्चीवर बसलो, समोर तुमचे स्टूल मांडले आणि पुढच्या आठवड्याचे पाठ वाचून दाखवले. कोणी हरकत घेतली नाही. ठराव एकमताने मंजूर झाला आणि मला इतके उदास वाटले म्हणता! तुम्ही असताना माझा एक ठराव कधी सरळ गेला नाही. म्हणून दुसऱ्या शनिवारी न्यायाच्या दृष्टीने मी उठून तुमच्या स्टुलावर बसलो आणि तुमच्यासारखा डावा खांदा उडवून म्हणालो की, हेडमास्तर, हे मुलांना झेपायचे नाही. मग खुर्चीवर येऊन तुम्हाला खडसावले. पुन्हा स्टुलावर गेलो. अशा सोळा-सतरा फेऱ्या झाल्या. (गुडघे दुखले, पण झोप छान लागली.) वृत्तांतात हजर असामी दोन लिहिले. खाली माझी सही केली आणि तुमच्या नावापुढे ‘सही मागाहून’ असा शेरा मारला. तुमची सही मी केलेली नाही, तेवढा पापभीरू अजून आहे.

चौथ्या सभेपासून तुम्ही जिंकू लागलात. आठवते ना, आपण एकाच खोलीत पाठीला पाठ लावून शिकवत होतो. मी पहिलीकडून पाढे म्हणवून घ्यायचो आणि नेमकी त्याच वेळी तुम्ही दुसरीची कविता सुरू करायचात? दोघेही आवाज चढवायचो, आणि पाटलांचा दगडू ‘बे एके बे, बे दुणे मोर’ म्हणायचा. दोन वर्षे आपण घसे फोडले. सभेत तुम्ही (म्हणजे मी, स्टुलावरून) सुचवलेत की, एक वर्ग मोठ्याने म्हणत असेल तेव्हा दुसऱ्याने पाटीवर लिहावे. झाले, मिटले! चिलीम ओढायला लागतो तेवढा वेळ. दोन वर्षांत आपण एक दिवस समोरासमोर बसलो असतो तर? बसलो नाही, कारण हेडमास्तरने असिस्टंटला विचारायचे नसते असे मला वाटत होते. आता ठराव उत्तम आहे आणि दोन्ही वर्ग मीच शिकवतो. आवाज आपटायला दुसरा आवाजच नाही.

या सभांचा गावात बभ्रा झाला. शाळा झाडणारी आवडाबाई दाराशी उभी राहून म्हणाली, “मास्तर, कुनाशी भांडताव वो? थितं तं कोनच नाय.” मी म्हणालो, असिस्टंट आहेत. हे उत्तर चुकले. दोन दिवसांनी पाटलांनी भूत उतरवायला काळुराम भगताला पाठवले. त्याने स्टुलाभोवती तीनदा फिरून तांदूळ टाकले आणि सांगितले की, हा ठाण्याच्या दिशेचा आहे, रागावून गेलेला आहे आणि त्याला घालवू नका, बोलवा. अंगारा मी ठेवून घेतला. पुढच्या शनिवारपासून आवडाबाई पाण्याची दोन फुलपात्रे ठेवू लागली. दुसरे भरलेले फुलपात्र संध्याकाळी मलाच ओतून द्यावे लागते, आणि खरे सांगतो महिपतराव, त्या वेळी फार एकटे वाटते.

अशात गेल्या शनिवारी शाळा तपासणारे डेपुटीसाहेब न कळवता दारात. वृत्तांत चाळून ते प्रसन्न झाले. म्हणाले की, तालुक्यात सगळीकडे ‘हेडमास्तर म्हणतील तसे’ एवढेच लिहिलेले असते. इथे मात्र असिस्टंट तोंडावर बोलतो आणि हेडमास्तर ऐकतो, हे अपूर्व आहे. मग त्यांनी विचारले की, ते आहेत कुठे? मी विचार करण्याआधीच माझी जीभ म्हणाली, “दुसरीच्या मुलांना घेऊन नदीवर गेलेत, भूगोल दाखवायला.”

तुम्हाला वाचून कसे वाटले असेल ते मला कळते. वैशाखात तुम्ही खरेच मुलांना काळू नदीवर नेले होते, चिखलात बेट आणि उपसागर करून दाखवले होते; आणि परत आलात तेव्हा मी सगळ्या मुलांदेखत हजेरीत तुमच्या नावापुढे गैरहजर लिहिले. पुढच्याच महिन्यात तुम्ही बदली मागितलीत. डेपुटीसाहेब मात्र म्हणाले, “शाबास! अशा माणसाला भेटलेच पाहिजे. पौषातल्या पहिल्या शनिवारी पुन्हा येतो.”

कळावे, लोभ होता तसा व्हावा ही विनंती.

आपला,
सहदेव मास्तर

ता. क. – त्या शनिवारी दुपारपर्यंत यावे. वृत्तांतात मागाहूनच्या सतरा सभांच्या सतरा सह्या कराव्यात आणि हवे तर लगेच परत जावे. कल्याणास गाडी बदलावी. नदीच्या उताराशी भिवा होडी घेऊन उभा राहील. त्याला अजून सांगितलेले नाही, पण तो उभाच असतो.

दुसरा ता. क. – वर ‘हवे तर परत जावे’ लिहिले ते खोटे आहे. जाऊ नये. तुमचा परत बदलीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. ठाण्यास तुम्हाला स्वतंत्र खोली मिळाली असे ऐकतो. इथे अजून एकच आहे.

तिसरा ता. क. – वैशाखातली ती हजेरी काढली. तुमच्यापुढचे ‘गैरहजर’ खोडून ‘हजर, नदीवर’ लिहिले आहे. खोडाखोडीवर दोन्ही मास्तरांच्या सह्या लागतात. माझी केली आहे.