वडिलांचं नाव : माहीत नाही

लिपा क्रीक, टेक्सस
रविवार, २२ सप्टेंबर १९९६

चि. व्लास्ता हिस,
ताईचे अ. उ. आ.

चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. फादर एकाच बाजूला छापतात. दुसरी बाजू देवानं तुझ्यासाठी कोरी ठेवली असं मी समजते. इकडे सर्व क्षेम. ह्यांचा गुडघा दुखतो. ट्रॅक्टरवर चढताना दुखत नाही, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला टेकताना तेवढा दुखतो.

टेसीचे पुढचे दोन्ही दात पडले. हसली की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. सरकारनं तिला आमच्याकडे सांभाळायला दिलं त्याला या महिन्यात दोन वर्षं झाली. पाच वर्षांची आली होती, आता सात पुरी होऊन गेली. पाण्याचा चर दिसला की अजून बूट काढून उतरते आणि हातांनी झिंगे धरते. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणते, हात आपोआप जातात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मे महिन्यात तिला पहिला ख्रिस्तप्रसाद द्यायचा, त्याला बाप्तिस्म्याचा दाखला हवा. तिची आई डार्लीन तुरुंगात. तिनं बालकल्याणच्या मिस ओडमना एवढंच सांगितलं होतं की बाप्तिस्मा समुद्राकाठी पोर्ट ॲल्माला झाला. मी तिथल्या चर्चला पत्र टाकलं. दाखला आला. त्यात वडिलांचं नाव आहे, खिएम ट्रान.

व्लास्ता, सरकारी कागदावर त्या रकान्यात पहिल्यापासून ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं आहे. डार्लीनचा हक्क कोर्ट उन्हाळ्यात काढून घेणार आणि मग टेसी कायमची आमची व्हायची. वडील माहीत नाहीत म्हणून काम सोपं आहे, असं मिस ओडमच म्हणाल्या होत्या. दाखला मी प्रार्थनापुस्तकात ठेवला आहे. ह्यांनाही दाखवला नाही. तू अशाच कचेरीत बसतेस. फादरना दाखवला म्हणजे झालं ना, की आणखी कोणाला द्यावा लागतो?

उत्तर सवडीनं नको, लगेच दे. माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझी ताई,
आल्बीना


वेको
३० सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
व्लास्ताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाठीमागे रविवारच्या सॉसेज-जेवणाचे दर होते, तेही वाचले. तू कागद कधी विकत घेतलास तर मला तार कर, मी सुट्टी काढून बघायला येईन.

ताई, उत्तर तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू मला विचारलंस. ठाऊक नसतं तर एमिलदाजींना विचारलं असतंस.

तरी आमचं काम कसं चालतं ते सांगते. मूल सरकार सांभाळतं म्हणून आईबाप सुटत नाहीत. बापाचं नाव कळलं की आम्ही एक फॉर्म भरतो आणि सरकारी वकिलांकडे पाठवतो. ते माणूस शोधतात, रक्त तपासतात, आणि कोर्टाकडून दरमहाची पोटगी बांधून घेतात. नाव नसेल तर फॉर्म पुढे जात नाही. बावीस वर्षं मी हेच करते आहे. माझ्या ट्रेमधून कागद गेला की पुढे काय होतं ते मला कोणी सांगत नाही, मीही विचारत नाही. ऐकून आहे ते एवढंच की निम्मे बाप पत्ता बदलतात आणि उरलेले आकडा कमी करा म्हणून भांडतात.

तुझा माणूस भांडेल, पळेल किंवा येईल. येईल याचीच तुला भीती आहे, पळण्याची नाही. मला कळतं गं. पण दडवलेल्या नावावर घेतलेलं लेकरू तू वेदीपर्यंत कशी नेशील? दाखला मिस ओडमना दे. मी तुझ्या जिल्ह्याच्या फायलीला हात लावू शकत नाही आणि लावणारही नाही.

रागावलीस तरी खसखस भरलेले गोड पाव, आपली कोलाची, पाठवायची थांबू नकोस.

तुझी,
व्लास्ता


लिपा क्रीक
१० नोव्हेंबर १९९६

चि. व्लास्ता हिस अ. उ. आ.

रागावले होते. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता लिहिते.

सहा आठवडे दाखला प्रार्थनापुस्तकात होता. रोज पुस्तक उघडायचं, रोज तो दिसायचा. मग मी तो सांत अँतोनीच्या प्रार्थनेच्या पानात सरकवला. हरवलेलं सापडवून देणारा संत, आणि मी त्याच्याच पानात लपवायला गेले. कळलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

मृतांच्या दिवशी फादरनी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. आपल्या आईसाहेबांचं नाव आलं तेव्हा टेसीनं माझा हात दाबला. मनात आलं, मेलेल्यांचीसुद्धा नावं आपण मोठ्यानं वाचतो आणि या एका जिवंत माणसाचं नाव मी गिळून बसले आहे. सोमवारी मिस ओडमना फोन केला.

त्या ओरडल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म ठेवला, ‘माहीत नाही’ वर रेघ मारली आणि नावाचं एकेक अक्षर मला विचारून लिहिलं. एवढ्याशा चौकोनात माणूस मावला.

त्या म्हणाल्या, लेकराला धोका असेल तर फॉर्म वकिलांकडे पाठवत नाहीत, तसा एक वेगळा रकाना आहे. म्हणून तुरुंगात जाऊन त्यांनी डार्लीनला विचारलं. ती म्हणाली, त्यानं कधी हात उगारला नाही, त्याला यातलं काही माहीत नाही. काय माहीत नाही ते सांगितलं नाही. फॉर्म शुक्रवारी गेला.

ह्यांना त्या रात्रीच सांगितलं. हे म्हणाले, तू आयुष्यभर दोऱ्याचा तुकडा टाकला नाहीस आणि आता पोर टाकायला निघालीस. मग गोठ्यात गेले.

आमच्यासाठी जपमाळ म्हण.

आल्बीना


वेको
८ डिसेंबर १९९६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बरं केलंस. पाठीमागे मृतांची यादी होती. तो कागद मी फाईलला लावणार नाही, घरी ठेवला आहे.

आता धीर धर. वकिलांच्या कार्यालयात हजारो फायली आहेत. पण त्यांचं यंत्र परवाने, पगार, गाड्यांचे नंबर सगळं चाळतं. समुद्राकाठचा माणूस, कोळ्याचा परवाना असेल तर सापडेलच. दाजींना सांग, टाकलं नाहीस, ज्याचं होतं त्याला विचारलंस. त्यांना पटणार नाही, तरी सांग.

नाताळला येते. लोभाची उधारी तेव्हा फेडते.

व्लास्ता


लिपा क्रीक
१६ मार्च १९९७

चि. व्लास्ता हिस अनेक आशीर्वाद.

आज नवं कोरं पॅड विकत घेतलं. यावरून काय ते समज.

नाताळात तू होतीस तेव्हा काही कळलं नव्हतं. जानेवारीत मिस ओडम आल्या आणि कोट न काढताच बसल्या. माणूस सापडला होता. किनाऱ्यावर आणखी खाली झिंग्यांच्या बोटीवर असतो. त्याला वकिलांची नोटीस गेली : टेरेसा प्रुइट या मुलीचे वडील म्हणून पोटगीसाठी हजर व्हा. नोटिशीवरच्या नंबरावर त्यानं धक्क्यावरून फोन केला. म्हणाला, बाई, तुमची काहीतरी चूक झाली आहे, हे लेकरू सात वर्षांपूर्वी देवाघरी गेलं.

फोनवरच्या बाईंनी असली कारणं रोज ऐकलेली. त्या म्हणाल्या, साहेब, मुलगी सात वर्षांची आहे आणि सरकारच्या ताब्यात आहे. त्यानं विचारलं, ती नीट जेवते ना?

झालं होतं असं. टेसी आठ-नऊ महिन्यांची असताना तो तीन आठवडे समुद्रावर होता. डार्लीन लेकराला घेऊन निघून गेली आणि यानं मागे येऊ नये म्हणून चुलतबहिणीकडून निरोप ठेवला की पोर तापानं ह्यूस्टनच्या इस्पितळात दगावली. यानं दोन वर्षं तिथल्या दफनभूमी पालथ्या घातल्या. थडगं सापडलं नाही. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या व्हिएतनामी चर्चमध्ये तिच्या नावानं मिस्सा, आणि घरी त्यांच्या रीतीप्रमाणे पुण्यतिथी. भाताची छोटी वाटी, छोटे चमचे.

रक्ताचा निकाल आला, बाप तोच. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी कोर्ट होतं. आम्ही दोघं गेलो. हे पांढरा शर्ट घालून, लढाईला निघाल्यासारखे.

बाहेर बाकांवर पंधरावीस पुरुष बसलेले, प्रत्येक जण नोटिशीची घडी करून, चुरगळून, मांडीखाली दाबून. एकाच माणसाची नोटीस प्लास्टिकच्या पाकिटात होती. आपण संतांची चित्रं ठेवतो तशी. किरकोळ, काळसर, कोट दुसऱ्या कोणाचा असावा. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी टोपी काढली.

सरकारी वकील गेन्सबाई, एकोणीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी दरमहाचा आकडा वाचला, मुलगी सरकारकडे आली त्या तारखेपासून. न्यायाधीशांनी विचारलं, काही हरकत? तो उभा राहिला. म्हणाला, आहे. तारीख चुकली आहे. जन्मापासून लिहा.

न्यायाधीशांना वाटलं भाषेचा घोटाळा झाला. त्यांनी पुन्हा समजावलं की यात त्याचंच नुकसान आहे. तो म्हणाला, समजलं. ती जेवत होती आणि मी तिला एक दाणा दिला नाही, तेवढं माझ्याकडे निघतं. ते कोणाला द्यायचं हे मला माहीत नाही, तुम्ही सांगा. गेन्सबाई काहीतरी म्हणायला उठल्या होत्या, त्या परत खाली बसल्या. न्यायाधीशांनी आदेश अर्जातल्या तारखेपासूनच दिला, पण चष्मा पुसून दिला.

नंतर व्हरांड्यात मी त्याला तिच्या मिस्सेची तारीख विचारली. १९ ऑक्टोबर. व्लास्ता, १९ ऑक्टोबरला तो दाखला माझ्या प्रार्थनापुस्तकात होता. तो तिकडे तिच्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावत होता आणि ती इकडे माझ्या मागच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी ते त्याला सांगितलं, एक शब्द न गाळता. हे मध्ये बोलायला लागले, मी बोलू दिलं नाही.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, मी देवाकडे एवढंच मागायचो की तिथं तिचे केस कोणीतरी विंचरत असू दे. ते तुम्ही निघालात.

पुढचं लिहवत नाही. आता शनिवारी-शनिवारी तो भेटायला येतो. पहिल्या शनिवारी टेसी त्याला चरावर घेऊन गेली. दोघांनी बूट काढले. दोघांचे हात एकदम पाण्यात गेले. हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, हरलो.

आल्बीना


वेको
२४ मार्च १९९७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र कचेरीत वाचलं ही चूक झाली. मुख्य बाईंनी विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं नाही, आलं.

बावीस वर्षं मला वाटायचं मी बिलं पाठवते. त्यातल्या एखाद्या कागदावरून कोणाला कळत असेल की आपलं लेकरू जिवंत आहे, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. शुक्रवारी मी माझा ट्रे ओल्या फडक्यानं पुसला. हसू नकोस. आणि आता ‘माहीत नाही’ असा फॉर्म आला की मी फोन उचलते आणि पुन्हा एकदा विचारते. सोबतच्या पोरी म्हणतात, आजीबाईंना म्हातारपणी उत्साह चढला. चढू दे.

ती जाईल ना गं तुमच्याकडून? मला माहीत आहे तू काय लिहिशील. तरी रडून घे.

व्लास्ता


लिपा क्रीक
२६ ऑक्टोबर १९९७

चि. व्लास्ता हिस,
ताईचे अ. उ. आ.

पुन्हा पत्रकाच्या पाठीवर आले आहे. पॅड जपून वापरायचं आहे, टेसीला दर आठवड्याला पत्र लागतं.

जूनमध्ये कोर्टानं तिला बापाकडे दिलं. निघताना तिनं वरच्या फळीवरचा माझा कंगवा मागून घेतला. त्या रात्री मी सवयीनं तीन ताटं मांडली आणि ह्यांनी तिसरं उचललं. रडले. पण चोरी परत केल्यावर जसं हलकं वाटावं तसंही वाटलं, हे तुला सांगते, फादरना सांगितलं नाही. वकिलांच्या कार्यालयाचं शेवटचं पत्र मिस ओडमनी मला दाखवलं : मूल वडिलांकडे, प्रकरण बंद. दोन ओळी. देवाची करणी एवढ्या थोडक्यात लिहिता येते हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी, १९ तारखेला, त्यानं आम्हाला बोलावलं. तीन तास गाडी. हे गुडघ्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये त्यानं पुढच्या पाच वर्षांच्या मिस्सा आधीच नोंदवून ठेवलेल्या. तिथल्या फादरनी विचारलं होतं, आता त्या खोडायच्या का? तो म्हणाला, खोडू नका. आत्म्याच्या शांतीसाठी असं आहे तिथं आभारासाठी असं लिहा, बाकी तसंच राहू दे.

बाकावर आम्ही चौघं होतो, टेसी मधे, केस घट्ट विंचरलेले. तिच्या बापानं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे त्यानंच विंचरले होते. भाषा कळत नव्हती. पण सात वर्षं त्या वेदीवरून जे नाव वाचलं गेलं तेच फादरनी वाचलं : टेरेसा.

ती शाळेत उठते तशी ताडकन उठली, हात वर केला आणि म्हणाली, हजर.

ह्यांचे दोन्ही गुडघे टेकले, व्लास्ता, आणि बराच वेळ उठले नाहीत.

लोभ जसा आहे तसाच असू दे, वर दोन मुठी चढत्या माझ्यासाठी आणि एक तिच्यासाठी.

तुझी ताई,
आल्बीना